घेवड्याची आमटी आणि बर्फातली पैंजणं

काय सांगू तुम्हाला, डोक्याला फेटा आणि हातात सत्काराचा नारळ असताना भर गावात माणसाची जेवढी शोभा होऊ शकते, तेवढी माझी झाली! ओता तो चहा, सांगतो सगळं.

माझी खोड तर तुम्हाला ठाऊकच आहे. पुस्तक असो की सिनेमा, मी गुण देतो. शैलीला दहापैकी आणि आशयाला दहापैकी. साताऱ्याला सिनेमा बघितला की वाईत घरी पोचेपर्यंत गाडीत माझं परीक्षण चालू! सुनंदा, म्हणजे आमची बायको, बिचारी खिडकीबाहेर बघत बसते. एकदा तिला विचारलं, "तुला कसा वाटला सिनेमा?" म्हणाली, "बरा होता. तुमच्यापेक्षा लवकर संपला."

असो. तर माझा एक शाळासोबती आहे, दत्तू. जवळच्याच गावचा. फौजेत गेला आणि सुभेदार होऊन यंदा रिटायर झाला. रिटायर व्हायच्या आधी सुट्टीवर आला, तो हाताने लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन थेट माझ्या दारात.

"गड्या, आठवणी लिवल्यात. तू लय वाचतोस, तवा जरा बघ. काय चुकलंमाकलं आसंल तर नीट कर. माझ्या सत्काराच्या दिवशीच पुस्तक काढायचं हाय."

मला काय, आयतंच! वाचायला बसलो. आशय? नऊ गुण! बर्फ, दऱ्या, हिमवादळं, काय नव्हतं त्यात? पण शैली? भोपळा हो! नमुनाच ऐका: "बर्फ लय होता. गारठा लय होता. घरची आठवण आली. मंगलच्या हातची घेवड्याची आमटी आठवली. मग झोपलो."

आता तुम्हीच सांगा, माणूस हिमालयाच्या टोकावर बसलाय, आणि त्याला आठवतं काय, तर बायकोच्या हातची आमटी! पुस्तकात बरं दिसतं का हे?

मी बाह्या सरसावल्या. आमटी काढली आणि तिथे एक पहाडी सुंदरी घातली. सफरचंदासारखे गाल, निळसर डोळे. चांदण्यात ती तंबूशी येते, स्वतःच्या हाताने कहावा, म्हणजे तिकडचा केशर घातलेला चहा, पाजते आणि पहाटे निघून जाते. जाताना तिची पैंजणं वाजत राहतात. बर्फात पैंजणं वाजतील कशी, हा प्रश्न मला पडला नाही. शैली अंगात संचारली होती ना!

छापायच्या आधी मी दत्तूला फोन केला. म्हटलं, "पाठवलंय ते एकदा नजरेखालून घाल."

"तू बघितलंस न्हवं? मग मी काय बघायचं? माणसावर काम सोपवलं की मागं वळून बघायचं न्हाई, ही आमच्या पलटणीची रीत हाय!"

म्हटलं, वा! लेखक असावा तर असा.

आमच्याकडे फौजी रिटायर होऊन आला की गाव त्याला गुपचूप घरी जाऊ देत नाही. वेशीपासून उघडी जीप, बँड, फुलं, दारोदारी औक्षण. जीपमध्ये दत्तूशेजारी मंगलवहिनी उभ्या होत्या, नवी पैठणी नेसून. नवरा सरहद्दीवर असताना या बाईने म्हशी सांभाळल्या, ऊस सांभाळला, पोरं शिकवली. गाव दोघांवर फुलं उधळत होतं, आणि वहिनींचं तोंड असं फुललं होतं की बघत राहावं.

मिरवणूक देवळासमोरच्या मांडवात आली. पुस्तकाचं प्रकाशन झालं, ते नीट केलं म्हणून मलाही फेटा-नारळ मिळाला, टाळ्या झाल्या. शाळेच्या गुरुजींना एक उतारा वाचून दाखवायचा होता. कुठला वाचायचा, हे कुणी सांगितलं होतं? मीच! दुसरं कोण?

गुरुजींचा आवाज खणखणीत. गाल झाले, डोळे झाले, कहावा झाला. मागून पोरांनी शिट्टी मारली. एक म्हातारबा ओरडले, "सुभेदार, आमाला वाटलं तुमी निस्ती ड्युटीच केली!"

मंगलवहिनी उठून उभ्या राहिल्या.

"थांबा वो गुरुजी. ते पैंजणाचं परत वाचा."

गुरुजी सरळ माणूस. त्यांनी परत वाचलं, आणखी भाव ओतून!

"कोण ही?" वहिनींनी नवऱ्याला विचारलं.

"अगं, असली कोण न्हाई!"

"मग छापलीय कशी?"

"मी लिवलंच न्हाई हे!"

"वर फोटू कुणाचा हाय मग? मी हितं म्हशीच्या धारा काढत बसले, आन् तुमी तिथं कहावा पित बसला व्हय?" वहिनींनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि स्टेजखालच्या चहावाल्याला विचारलं, "दादा, सांगलीची येष्टी कवा हाय? मी चालले म्हायेराला."

वहिनींचं माहेर कवठे महांकाळ. एवढ्या लांब गेलेली बाई लवकर परत येते होय? दत्तूचं तोंड पांढरं पडलं. तोफांपुढे न हललेला माणूस, त्याची मिशी थरथरताना मी बघितली. खरं सांगतो, तिथून पळावंसं वाटलं, पण फेटा बांधलेला माणूस पळून जाणार कुठे?

मी माइक घेतला.

"वहिनी, सुभेदारांचा काही दोष नाही. ती बाई माझी आहे! म्हणजे मी घातली. सगळं माझ्या मनचं. दत्तूने काय लिहिलं होतं ते ऐका." आणि मी पाठ म्हटलं, "बर्फ लय होता. गारठा लय होता. घरची आठवण आली. मंगलच्या हातची घेवड्याची आमटी आठवली. मग झोपलो."

वहिनींनी पदर डोळ्याला लावला आणि पदराआडून खुदकन हसल्या.

"हां! हे आमचंच माणूस!" त्या म्हणाल्या. "भावजी, एवढी चांगली आमटी सांडलीसा व्हय तुमी?"

आणि काय टाळ्या पडल्या हो! दत्तूने तोच हार पुन्हा वहिनींच्या गळ्यात घातला. बँडवाल्यांना राहवेना, त्यांनी लग्नातलंच गाणं वाजवलं. दत्तूच्या शैलीला त्या दिवशी गावाने दहापैकी दहा दिले. मीही दिले.

मी घाम पुसला. म्हटलं, सुटलो एकदाचा!

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून ओळखीचा आवाज आला.

"आवं, जरा माइक चालूच ठेवा." सुनंदा उभी होती, कमरेवर हात. "तुमीच सांगता न्हवं घरात, शैली काय वरनं लावता येती, पर आशय आतनंच यावा लागतो? मग ही निळ्या डोळ्यांची तुमच्या आतनं कवापासनं हाय?"

मांडव अक्षरशः कोसळला हसून. मंगलवहिनी तर दत्तूच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. माझ्या हातातला नारळ मात्र गळून पडला.

दत्तूचं पुस्तक आता पुन्हा छापतायत, आमटीसकट. तिकडे आनंदीआनंद आहे. आमच्या घरी आज सकाळी मी चहा मागितला, तर स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "तिला सांगा की, कहावा आणील!"

म्हणून तर उठून तुमच्याकडे आलो. अजून अर्धा कप मिळेल का?