रुमालाखालची सोयरीक

माणसाच्या कातडीचा रंग बिनचूक ओळखण्याची विद्या जगात एकाच गृहस्थाला पूर्ण साधली आहे, आणि ते गृहस्थ आमचे इवाई आहेत. इवाई म्हणजे आमच्या वऱ्हाडातले व्याही. खरं पाहता ते माझ्या थोरल्या भावाचे सासरे, म्हणजे इवाई असलेच तर माझ्या वडिलांचे. पण वडील गेल्यावर हे नातं घरातल्या तांब्यापितळेबरोबर आमच्याकडे आलं, आणि आता पिंपळगाव राजाच्या आमच्या घरात लहान पोरांपासून सगळे त्यांना इवाईच म्हणतात. राहतात ते वडनेर भोलजीला. उभा जन्म त्यांनी नांदुऱ्याच्या बाजारात धान्याची अडत केली. पोत्यातून मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची, एक दाणा दाढेखाली फोडायचा आणि माल कोणत्या शिवारातला, कोणत्या विहिरीच्या पाण्यावरचा हे सांगून मोकळं व्हायचं. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे त्यांची नजर इतकी तयार झाली की पुढे धान्य आणि माणूस यांत त्यांना फारसा फरक दिसेनासा झाला. माणसाच्या बाबतीत दाढेखाली फोडण्याची पायरी तेवढी ते गाळत.

‘मुलगी गव्हाळ आहे’ असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरे. गव्हाळ म्हणजे कोणता गहू, असं ते विचारत. शरबती का लोकवन का बन्सी? त्याच्या खाली मालदांडी ज्वारी, मग तूर, मग हरभरा, आणि तळाला ऐन सोंगणीत पावसात सापडलेली ज्वारी, जिला बाजारात भाव नसतो. या पारखीमुळे पंचक्रोशीत कुणाचीही सोयरीक असो, मुलगी पाहायला जाताना इवायांना गाडीत पुढच्या सीटवर बसवून नेत. ते बैठकीत पोह्यांना हात लावत नसत. मुलीला म्हणत, बाई, तुमचा गोठा कुठीसा आहे तो दाखव. बिचारी मुलगी गोठा दाखवायला अंगणात येई आणि उन्हात सापडे. ट्यूबलाइटखाली पाहिलेला रंग म्हणजे त्यांच्या मते पोतं न फोडता घेतलेला माल. त्यांच्या या कीर्तीमुळे मुलींचे बाप पाहण्याचा कार्यक्रम दिवेलागणीला ठेवू लागले. इवाई अशा घरून उठून येत. सांजच्याले माल पाह्यत नसतेत, एवढंच म्हणत.

वाचकांना वाटेल, हे गृहस्थ स्वतः केतकीसारखे गोरे असणार. इवाई आमच्या पूर्णाकाठच्या मातीसारखे काळे आहेत, आणि मातीसारखेच घोटीव. पण त्यांचं मत निराळं. माणसाचा मूळ रंग घड्याळाखाली असतो, बाकी सगळा उन्हाचा उपद्व्याप, हा त्यांचा सिद्धान्त. कुणी थट्टा केली की ते मनगटावरचा पट्टा सरकवून खालची फिकट चकती दाखवत. “हे पाहा. हे मी. बाकी सारं बाजारानं केलं.” त्या चकतीची निगा राखण्यासाठी ते आंघोळीलासुद्धा घड्याळ काढत नसत. घड्याळ केव्हाचं बंद पडलं होतं.

तीनेक वर्षांपूर्वी वडनेरला तलाठी म्हणून एक तरुण बाई आल्या. इवायांच्या प्रतवारीत त्या फार तर हरभऱ्यापर्यंत पोचल्या असत्या. पण त्या रस्त्यानं जाताना दिसल्या की इवाई ओट्यावरून उठून उभे राहत आणि चहाचा आग्रह करत. मी एकदा मुद्दाम विचारलं, मॅडम कोणत्या मालात बसतात? माझं शिक्षण फुकट गेल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “भाऊ, सायबाले रंग नसते. सातबारा ज्याच्या हातात, तो बिनरंगाचा.”

इवायांचे चिरंजीव मात्र सुधारलेले. ते शाळेत मुख्याध्यापक आहेत आणि ‘काळा’ हा शब्द फक्त फळ्याच्या बाबतीत वापरतात. आदिवासींचा विषय निघाला की ‘आपले आदिवासी बांधव’ असं म्हणतात, आणि तेही अशा आवाजात की ऐकणाऱ्याला गळ्यात हार पडल्याचा भास व्हावा. तलाठी मॅडम संग्रामपूरकडच्या कोरकू आहेत असं कळल्यावर त्यांनी आदिवासी दिनाला शाळेत मॅडमना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं. पोरांच्या कमरेला पळसाची पानं बांधली, तोंडाला काजळ फासलं, हातात काठ्या दिल्या, आणि सगळी पोरं ‘हुर्र हुर्र’ करत स्टेजवर नाचली. नंतर सरांचं निसर्गाच्या लेकरांवर लांबलचक भाषण झालं. शेवटी मॅडमना कसं वाटलं ते विचारलं. मॅडम माइकपाशी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “छान झालं. फक्त आमच्याकडे सणाला तोंडाला पावडर लावतात, काजळ नाही.” सरांनीच पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या, कारण माइक थांबला की टाळ्या वाजवायच्या ही त्यांची सवय. त्या अख्ख्या मांडवात एकच माणूस हसला. तो म्हणजे सरांचा मुलगा, इवायांचा नातू, ज्याचं नांदुऱ्याला ठिबकचं दुकान आहे आणि जो त्या दिवशी बिघडलेला माइक दुरुस्त करायला आला होता. मॅडमनी स्टेजवरून पाहिलं की हसलं कोण.

त्या हसण्याचं पुढे जे व्हायचं ते झालं, आणि दिवाळीत नातवानं, लग्न करीन तर मॅडमशीच, असं घरात सांगून टाकलं. एका रात्रीत मॅडमना रंग आला. मी भेटायला गेलो तेव्हा इवाई ओट्यावर कपाळाला हात लावून बसले होते. “भाऊ, आता मले दिसून राह्यला,” ते म्हणाले. चिरंजीवांची पंचाईत मोठी होती. बांधव इथपर्यंत त्यांची तयारी होती. बांधवांना मुली असतात हा भाग अभ्यासक्रमाबाहेरचा निघाला. तत्त्वतः विरोध नाही, पण समाज अजून तयार नाही, असं ते समाजाच्या वतीनं सांगू लागले. नातू हटला नाही. अडचण आली ती मॅडमकडूनच. आईबापामागे त्यांना आजीनं वाढवलं होतं. आजी हो म्हणाली तर लग्न, नाही म्हणाली तर विषय संपला, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आता नातवाचं सगळं आयुष्य सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या, त्यानं कधी न पाहिलेल्या एका म्हातारीच्या होकारावर येऊन थांबलं. तो पोरगा असा उतरला की इवायांना पाहवेना. चला, पाहून तं येऊ, असं ते म्हणाले. शिवाय सपाटीवरचा मोठा अडत्या दारात आल्यावर म्हातारी गहिवरून जाईल याविषयी त्यांना शंका नव्हती.

कार्यक्रम अर्थातच भर दुपारी ठेवला. गाडीत इवाई, सर, नातू आणि गाडी चालवायला मी. गावात समोरासमोर घरांच्या दोन सरळ ओळी, मधून झाडून काढलेला रस्ता. आजी अंगणात खाटेवर बसली होती. बारीक, वाकलेली, तोंडात दात जेमतेम. मॅडम चहा करायला आत गेल्या त्या गेल्याच. मुलगी दाखवण्याचं कुणी नावच काढेना. उलट आजीनं नातवाला खुणेनं बोलावून अंगणाच्या मधोमध उन्हात उभं केलं, काठी टेकत त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि बाजारात बोलतात तशा हिंदीमिश्रित वऱ्हाडीत विचारलं, “येले चुलीतून कच्चंच काढलं का?”

नातू म्हणजे घरातला अस्सल शरबती. इवायांचा पहिल्या प्रतीचा माल आयुष्यात कुणी पहिल्यांदाच नापास करत होतं. ते खाटेवरून उठले. आमच्या घराण्याचा रंग असाच आहे हे सिद्ध करायला त्यांनी सवयीनं मनगट पुढे केलं आणि घड्याळाचा पट्टा सरकवला. आजीनं ती फिकट चकती पाहिली, दुखणं पाहावं तशी पाहिली, आणि पट्टा पुन्हा जागेवर ओढला. “झाक ते. तू चांगला भाजेल हायेस.” आतून मॅडमच्या हसण्याचा आवाज आला. कुणी आपल्या रंगाला नावाजल्याची इवायांना सवय नव्हती. ते मुकाट्यानं खाली बसले.

मग देण्याघेण्याचं निघालं. सरांनी घसा साफ करून, आम्हाला मुलीकडून काही नको, असं उदारपणे जाहीर केलं. आजीला त्यातलं औदार्य कळलं नाही, कारण त्यांच्यात मुलीकडचे देत नसतात. मुलाकडच्यांनी द्यायचं, नाहीतर मुलानं मुलीच्या घरी राहून राबायचं, असं तिनं सांगितलं. तुम्ही काय करता? मॅडम दारात येऊन म्हणाल्या की हे आता गावात कुणी पाळत नाही, आजी गंमत करते आहे. आजीच्या डोळ्यांत ती गंमत मलाही दिसत होती. पण इवायांच्या कानांनी फक्त सौदा ऐकला. त्यांच्यातला चाळीस वर्षं मुरलेला अडत्या जागा झाला. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या हातावर टाकला आणि तो हात आजीपुढे धरला.

आमच्याकडे जुन्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं तितका आकडा, आणि अख्खा पंजा धरला तर पाच. किती महिने राबायचं याचा भाव इवाई विचारत होते. आजीच्या बापजन्मी कुणी तिला असा हात दिला नव्हता. तिला वाटलं, खाली सपाटीवर माणसं हात मिळवून भेटतात तसा म्हातारा भेटतो आहे. तिनं रुमालाखाली हात घातला आणि त्यांचा अख्खा पंजा धरला. इवाई चमकले. त्यांनी दोन बोटं पुढे करून भाव उतरवायचा प्रयत्न केला. आजीनं दुसराही हात घातला आणि पंजा आणखी घट्ट धरला. सौद्याच्या शास्त्राप्रमाणे याचा अर्थ एकच, भाव उतरणार नाही. इवायांच्या कपाळावर घाम आला. शेवटी ते म्हणाले, “मंजूर.” काय मंजूर, हे आम्हाला परतीच्या वाटेवर गाडीत कळलं: नातवानं आजीकडे पाच महिने राबायचं. सर कपाळ बडवू लागले. म्हातारीला यातलं काही ठाऊक नाही, असं मीही सांगून पाहिलं. इवाई खिडकीबाहेर पाहत राहिले. “तोंडचा शब्द फिरते, भाऊ. रुमालाखालचा नाई फिरत.”

रब्बीचे दिवस, ठिबकच्या दुकानात बसायला दुसरं कुणी नाही. मग नातवाच्या बदली इवाई स्वतःच वळकटी घेऊन गेले. वडनेरमध्ये सरांनी ‘हवापालटाला गेलेत’ असं सांगितलं. वळकटीसह दारात उभा राहिलेला म्हातारा पाहून आजी इतकी हसली म्हणतात की तिला धरून बसवावं लागलं. मॅडमनी फोनवरून समजावलं, तर मॅडम, तुम्ही सातबारा पाहा, हे बाजाराचं काम आहे, असं उत्तर मिळालं.

थंडीत मी वहिनीनं वडिलांसाठी दिलेला ठेचा घेऊन त्यांना भेटायला गेलो. इवाई ज्वारीच्या शेतात गोफण घेऊन पाखरं राखत होते. पाखरांना त्यांच्यापासून काही धोका नव्हता; आजी मात्र बांधावर त्यांचे भरकटलेले गोटे चुकवत बसली होती. दोघांचा वाद चालला होता. आजीच्या मते गोरं माणूस म्हणजे कच्ची राहिलेली भाकर, देवानं घाईत उतरवलेली. इवाई शास्त्राधार देत होते. हरणारच होते, कारण आजी कंटाळली की कोरकूत बोलू लागे, आणि इवायांना कोरकूतली फक्त धान्यांची नावं येत होती. मधेच आजीनं सहज सांगितलं की तिचा बाप मोहफुलं घेऊन खालच्या बाजारात जायचा, तेव्हा अडत्या त्याला गादीपासून लांब मातीत बसवायचा आणि पाणी वरून ओतायचा. सांगताना ती हसत होती, बाप ओंजळ कशी धरायचा ते करून दाखवत होती. इवायांच्या हातातली गोफण तशीच लोंबत राहिली. आजी घराकडे गेल्यावर ते म्हणाले, “गादीवर आमीच असू, भाऊ. मी नाई तं माह्या बाप.” मग त्यांनी पाखरांकडे एक गोटा भिरकावला, तो माझ्या डोक्यावरून गेला.

होळीला, पाच महिने पुरते भरायच्या आधीच, आजीनं त्यांच्या तोंडाला पावडर लावली आणि सौदा पुरा झाल्याचं सगळ्या गावासमोर सांगितलं. होकार मिळाला. लग्न वैशाखात झालं. सरांनी मंगलाष्टकांनंतर भाषण केलंच. फोटोग्राफरनं अल्बममध्ये रिवाजाप्रमाणे दोन्हीकडच्या सगळ्यांना दुधासारखं गोरं करून टाकलं. इवायांनी पानं उलटून पाहिली, हे कोण लोक आहेत म्हणून विचारलं, आणि अल्बम परत पाठवला.

गेल्या थंडीत आजी गेली. आम्ही पोचलो तेव्हा अंगण भरलेलं होतं. बायका तिच्याभोवती बसून एका सुरात रडत होत्या, एकीचा आवाज खाली बसला की दुसरी उचलून धरी. इवाई पुरुषांच्या ओळीत भिंतीला टेकून बसले. शब्द कळत नव्हते, तरी दोन्ही हात मांडीवर ठेवून ते लक्ष देऊन ऐकत होते. सगळं आटोपल्यावर नातसून त्यांच्याजवळ येऊन बसली. बायका काय म्हणत होत्या, ते त्यांनी विचारलं. ती म्हणाली, आजी मागे कुणाकुणाला टाकून गेली त्यांना एकेकाला हाक मारत होत्या. मला, माझ्या चुलत्यांना, शेजारणींना. “आणि तुम्हालाही मारली. अडतवाल्या म्हाताऱ्या, आता तुला कोण हसेल, असं म्हणत होत्या.”

इवाई उठून गाडीत बसले. संग्रामपूर मागे पडलं. तेव्हा समोरच्या रस्त्याकडे पाहत, मला नव्हे तर कुणालातरी सांगावं तसं म्हणाले, “मले हाक मारली, अन् मी बसूनच राह्यलो. समजलं असतं तं ओ देल्ली असती.”