चूक पोटात घालणारा ड्रायव्हर

माझा डावा गुडघा गेला तो हॉकीच्या सरावाच्या सामन्यात. दुसऱ्या संघातल्या कोणी मोडला असता, तर निदान राग धरायला माणूस मिळाला असता. पण त्या रविवारी आमच्याच पोरांनी आपसांत दोन बाजू पाडल्या होत्या, आणि एका चेंडूवर माझ्यासोबत जो झेपावला तो माझा शाळेपासूनचा मित्र होता. तो आदळला, माझा पाय आत वळला, आणि लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. तो आवाज त्यानंही ऐकला.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. मित्राचे वडील हातमागावर बसत. तो स्वतः नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात कामाला होता. मला हॉकीच्या जोरावर सरकारी खात्यात नोकरी लागली होती. दोघंही एकाच संघातून खेळायचो. डाव्या बाजूनं तो चेंडू काढून द्यायचा आणि मी गोल मारायचो. लोकांना माझंच नाव ठाऊक असे, पण त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही.

ऑपरेशन झालं, गुडघ्यातली फाटलेली गादी काढून टाकली. धावणं संपलं. प्लास्टर निघेपर्यंत मित्र रोज दुकान सुटलं की सायकल मारत नंदनवनला आमच्या घरी यायचा. बोलायचा काहीच नाही. बायको चहा द्यायची, तो घेऊन निघून जायचा.

"अहो, भाऊजींना एकदा स्पष्ट सांगा ना, त्यांची चूक नव्हती म्हणून," एकदा ती म्हणाली.

"सांगितलं."

"मग?"

"ऐकून घेतो."

कामावर रुजू झालो तेव्हा आमच्या मोठ्या साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "खेळाडू म्हणून घेतलेला माणूस खेळत नसेल, तर त्याला नागपुरात कसा ठेवू? चंद्रपूरला जागा रिकामी आहे, वरून विचारणा होतेय." बायको नंदनवनातल्याच शाळेत शिकवत होती. तिची नोकरी सुटली असती. साहेबच मग म्हणाले, "गोल्फ खेळा की. धावायचं नाही, नुसतं चालायचं. हॉकीचे हात आहेत तुमचे. आमच्या खात्याच्या संघात एक जागा आहे. बाकीच्या काठ्या मी देईन, फक्त ड्रायव्हर तुमचा आणा. तो मी कोणाला देत नाही." आणि मी दारापर्यंत गेल्यावर त्यांनी आणखी सांगितलं, "नवशिक्याला सांभाळून घेईल असा बघा. भारीतला घेऊन फसू नका."

ड्रायव्हर म्हणजे पहिला लांब टोला मारायची काठी, एवढंही मला तेव्हा माहीत नव्हतं. संध्याकाळी मित्राला सांगितलं. कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा हलला.

"मंग पाहून काय राहिला बे? चाल, उद्याच पाहू."

त्यानंतर ती काठी शोधणं त्याचंच काम झालं. सीताबर्डीवर खेळाच्या सामानाचं एक मोठं दुकान होतं, तिथं आधी गेलो. मालकानं काचेच्या कपाटातून एकुलता एक ड्रायव्हर काढला. परदेशी होता. लाकडी डोकं पॉलिशनं चमकत होतं, दांडा पोलादी. मित्रानं तो हॉकी स्टिकसारखा धरून पाहिला आणि किंमत विचारली. मालकानं सांगितली. मित्रानं काठी दोन्ही हातांनी, मूल परत द्यावं तशी, परत दिली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "जाऊ दे गा. आपल्यासाठी नाही हे."

"काहून नाही? जुनी भेटन ना कुठं तरी."

महिनाभर तो विचारत फिरला. दुकानातल्या गिऱ्हाइकांना, सदर बाजारातल्या लिलाववाल्यांना, गोल्फ क्लबच्या माळ्याला. शेवटी कामठीच्या छावणीतला एक निवृत्त होणारा फौजी अधिकारी सामान विकतोय, असं त्याला कळलं. आम्ही बसनं गेलो. व्हरांड्यात खोकी, पलंग, कुलर, सगळं मांडून ठेवलं होतं. अधिकाऱ्यानं दोन ड्रायव्हर भिंतीला टेकवून उभे केले. पहिला सडपातळ, त्याचा चेंडूला लागणारा तोंडाचा भाग सरळ उभा. दुसरा ओरखडे पडलेला, डोकं मोठं, तोंड जरा मागे कललेलं, दांडा लवचिक.

"ये वाला दूर जाएगा," पहिल्याला हात लावून तो म्हणाला, "लेकिन जरा सी गलती हुई तो गेंद जंगल में। दूसरा कम जाएगा, पर गलती पी जाएगा।"

"साब, गलती पीनेवाला दो," मित्र लगेच म्हणाला. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "पाँव कच्चा हो तो भी चलेगा क्या?"

अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "भाईसाहब, ये हाथ की गलती पीता है। पाँव का मुझे मालूम नहीं।"

किंमत आमच्या आवाक्यातली होती. अर्धे पैसे मित्रानं दिले आणि मी कितीही म्हटलं तरी परत घेतले नाहीत. बसमध्ये तो ती काठी उभी धरून बसला होता. "आपली चूक पोटात घालते म्हणते हे," दोनदा म्हणाला. मी खिडकीबाहेर पाहत होतो. मला काहीच वाटत नव्हतं, आणि ते त्याला दिसू नये एवढीच धडपड होती.

आमच्या घरामागे तेव्हा रिकामे प्लॉट होते. मित्रानं दुकानातून जाड मांजरपाट आणला, दोन बांबूंमध्ये ताणून बांधला, आणि मी त्यावर चेंडू मारायला लागलो. साहेबांनी एकदा धरायचं कसं ते दाखवलं होतं. तरी सुरुवातीला काठी चेंडूच्या डोक्यावरून जायची, नाहीतर काळ्या मातीत रुतायची. हॉकीत मनगट आवळायची सवय. इथं ती सोडायची होती. पण काठी खरंच सांभाळून घेणारी होती. चेंडू काठीच्या टाचेला लागो की टोकाला, कापडापर्यंत पोचायचा. मित्र बांबूजवळ उभा राहून ओरडायचा, "बराबर! हा गेला असता बे दूर!"

टोला मारला की सगळा भार डाव्या पायावर वळतो. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. गुडघ्यात आत काही तरी सरकायचं आणि परत जागेवर बसायचं. मी भार टाकायचं टाळायचो, म्हणजे अर्धाच वळायचो. मित्र खूश असायचा. बायको खिडकीतून बघायची. एकदा गुडघ्याला तेल लावताना तिनं विचारलं, "सुजलाय ना?" मी म्हटलं, "थोडा." ती तेल चोळत राहिली. चंद्रपूर दोघांनाही दिसत होतं.

संघाची निवड एका सकाळी होती. नागपूरचं गोल्फचं मैदान तेव्हा उन्हाळ्यात करडं असायचं, गवत नावालाच. मित्र सुट्टी काढून आला होता, दुकानातला इस्त्रीचा शर्ट घालून. साहेबांसोबत आणखी दोन अधिकारी होते. माझी पाळी आली. अर्ध्या वळणाचा टोला तिथं चालणार नव्हता, समोर लांब मैदान होतं. मी पूर्ण वळलो.

चेंडू सुरेख गेला. आयुष्यात तेवढा सुरेख टोला मी हॉकीतही मारला नव्हता. तो सरळ, उंच जात असताना माझा गुडघा अडकला आणि मी खाली पडलो. पाय वाकेना, सरळही होईना. साहेब धावत आले आणि म्हणाले, "टोला चांगला होता हो."

मित्र माझा पाय मांडीवर घेऊन मातीत बसला. त्याचा शर्ट लाल मुरमानं भरला.

"माह्यामुळं झालं हे," तो म्हणाला.

"तुह्यामुळं काही नाही झालं बे."

"मंग कोनामुळं झालं?"

त्या दिवशी मी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं, असं आता वाटतं. पण वेदनेनं माझे दात घट्ट मिटले होते.

डॉक्टर म्हणाले, चालता येईल, जिना जपून चढा, वळायचं विसरा. पावसाळ्याआधीच चंद्रपूरचा हुकूम आला. साहेबांनी तो थांबवायचा प्रयत्न केला, हेही खरं. बायकोनं शाळा सोडली. ड्रायव्हर बँकेतल्या एका नवशिक्या मुलाला विकला. मित्राचा हिस्सा द्यायला त्याच्या घरी गेलो तर तो नव्हता. त्याच्या आईच्या हातात पैसे दिले. आम्ही सामान घेऊन निघालो तेव्हा तो येईल असं बायकोला वाटत होतं. मला वाटत नव्हतं.

दोन-तीन वर्षांनी नागपूरला आलो तेव्हा गांधीबागेत गेलो. त्यानं गादीवर बसायला जागा केली, चहा मागवला, चंद्रपूरचं विचारलं. हॉकीचं कोणीच काढलं नाही. "रविवारी घरी ये, मेव्हण्याकडे उतरलोय," मी म्हटलं. "येतो ना," तो म्हणाला. रविवारी बायकोनं बेसनाच्या पाटोडीची भाजी केली होती. तो आला नाही.

पुढच्या खेपेला पुन्हा त्याच्या दुकानात गेलो. मालक म्हणाला, "तो जेवायले गेला." पायरीखाली त्याच्या टायरच्या तळव्याच्या चपला होत्या. मी त्या चपलांकडे पाहिलं, मालक कापडाच्या गाठीकडे बघत राहिला. मग रिक्षा करून बसस्टँडवर गेलो. त्यानंतर त्या बाजूला गेलो नाही.