माझ्या दगडाचा आवाज

संपादक महोदय,

आपल्या मासिकातील अद्भुत अनुभवांचे हे सदर बंद करावे, अशी लेखी मागणी करणारा वाचक मीच. असल्या कहाण्या छापून आपण सुशिक्षित समाजाची दिशाभूल करता, असे मी आपणास सकारण कळविले होते आणि त्या पत्रातील एकही शब्द मी आज मागे घेत नाही. तरीही हा मजकूर त्याच सदरासाठी पाठवीत आहे... लाज वाटते. परंतु जे घडले त्याची नोंद दुसरीकडे कोठे करावी, याची तरतूद मला कोणत्याही कायद्यात सापडली नाही.

मी कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालो. समन्स, जप्ती, ताबा यांत आयुष्य गेले. पुराव्यावाचून कोणाचे काही मान्य करायचे नाही, ही सवय हाडात भिनलेली. अंगात येणे, करणी, नजर असल्या गोष्टी माझ्यासमोर कोणी काढल्या, तर मी त्याला शपथेवर बोलशील का, एवढेच विचारीत असे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही हकीकत. आमचे घर पनवेलच्या जुन्या वस्तीत, तळ्यामागच्या गल्लीत. मागील दारी विहीर – निम्मी माझ्या हद्दीत, निम्मी शेजारच्या बाळारामच्या. त्याने विहिरीवर मोटर बसविली आणि त्यामुळे पाण्याची पातळी खाली गेली, असा माझा दावा होता. दावा म्हणजे कोर्टात दाखल केलेला. पातळी मोजणे आले. दोरीने मोजावी, तर दोरी कोणाची, यावर एकमत होईना. मी त्याच्या दोरीला हरकत घेतली, त्याने माझ्या.

त्या वर्षी माझी पुतणी माधवी आपटा गावाहून माझ्याकडे शिकायला येऊन राहिली होती. बी.एस्सी.चे दुसरे वर्ष, विषय फिजिक्स. घरात आम्ही दोघेच. संध्याकाळी ती ओसरीवर गणिते सोडवी आणि मी तिची उलटतपासणी घेई. मला फिजिक्स येत नव्हते. पण उत्तर देणारा कोठे गडबडला, ते मला कळते.

एकदा तिच्या पुस्तकात विहिरीचेच गणित आले. दगड सोडला, पाण्यात पडल्याचा आवाज अमुक सेकंदांनी ऐकू आला, तर पाणी किती खाली?

"येते का?" मी विचारले.

"सोडवता येतं. कळत नाही," माधवी म्हणाली. "दगड खाली जायचा वेळ वेगळा, आवाज वर यायचा वेगळा. समीकरण मांडलं की दोन उत्तरं येतात. एक घ्यायचं, एक सोडून द्यायचं."

"कोणत्या अधिकाराने?"

"दुसऱ्यात दगड पडायचा वेळ निगेटिव्ह येतो म्हणून. सर म्हणतात, त्याला अर्थ नाही, सोडा."

"म्हणजे सुनावणी न घेताच निकाली!"

"काका, तेच तर!" ती वैतागून हसली. "मार्क मिळतात हो मला. क्रिया-प्रतिक्रियेचा तिसरा नियम धडाधडा म्हणून दाखवते. पण गाडी घोड्याला तेवढ्याच जोराने मागे ओढत असेल तर दोघं पुढे जातात कशी, हे विचारलंत तर माझी बोबडी वळते. सगळं येतंय असं लिहायचं, आणि आतून काही येत नाही."

"मग मागच्या दारी जा. विहीर आहे, दगड आहेत. स्वतः करून पाहा."

हे बोलताच माझ्या लक्षात आले की दगड हा कोणाच्याच बाजूचा नसतो. दोरीवर हरकत घेता येते. गुरुत्वाकर्षणावर बाळारामचा वकील कोणती हरकत घेणार होता?

माधवीने कॉलेजातून स्टॉपवॉच आणले. भर दुपार, ऊन थेट पाण्यावर पडलेले. पळस्प्याकडे जाणाऱ्या ट्रकची घरघर थांबली की ती दगड सोडी. डुबुक! घड्याळ बंद. पुन्हा दगड, पुन्हा डुबुक. इतक्या उथळ विहिरीत आवाजाच्या प्रवासाचा वेळ सोडला तरी चालतो, हे तिने मला पटवून दिले. तिचा चेहरा उजळला होता. पुस्तकातली गोष्ट पहिल्यांदाच तिच्या हाताखाली खरी ठरत होती.

मात्र तिचे उत्तर मोटर बसण्यापूर्वी मीच नोंदविलेल्या मोजणीशी जुळत होते. म्हणजे पाणी खाली गेलेलेच नव्हते.

"तू घड्याळ लवकर थांबवतेस," मी म्हणालो. "आण तो दगड. मी टाकतो."

मी दगड सोडला. तो पडताना मी पाहिला. पाणी उसळले, वर्तुळे कडेपर्यंत गेली.

आवाज आला नाही.

"टाकलात ना?" माधवीने विचारले. तिच्या हातातले घड्याळ चालूच होते.

"तुझ्या डोळ्यांदेखत टाकला."

मी दुसरा टाकला. मग ओटीभर दगड जमवून एकामागून एक टाकले. मोठे टाकले, पाटा-वरवंट्यातला वरवंटा टाकला. पाणी फुटताना दिसत होते आणि विहीर मुकी होती. माधवीने काठावरचा एक बारीक खडा ढकलला, तर तो टपकन वाजला. मग पुन्हा मी... काही नाही.

मी भयंकर चिडलो. घड्याळावर चिडलो, पुस्तकावर, कॉलेजवर चिडलो. विहिरीत तोंड घालून ओरडलो, तर माझे ओरडणे जसेच्या तसे परत आले! भिंतीपलीकडून बाळारामची बायको सुंदराबाई म्हणाली, "कोनाशी भांडतान ओ, नाझरसायेब? तिथं पन दावा लावलाव का?"

माधवी मात्र चिडली नाही. तिने घड्याळ बंद करून रुमालात गुंडाळले. दुसऱ्या दिवशी तिने प्रॅक्टिकलला हा प्रकार सरांना सांगितला. सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, कान तपासून घ्या. ती घरी आली आणि बॅग भरू लागली.

"परीक्षा तोंडावर आली आहे," मी म्हणालो.

"कशाची परीक्षा देऊ, काका? दगड तोच, उंची तीच, हवा तीच. ऐकणारी मीच. एवढी एक गोष्ट मला कळली असं वाटलं होतं, तीही चुकली. इथे माझ्या कानांचा भरवसा नाही, मग समीकरणांचा कुठला? मी आपट्याला जाते. बालवाडीत बाई हव्यात म्हणे."

मलाही आवाज ऐकू आला नाही, असे मी तिला शपथेवर सांगितले. ती म्हणाली, "तुम्ही माझे काका आहात."

नात्यातल्या साक्षीदाराच्या साक्षीला किती किंमत असते, हे मला तिच्याहून अधिक ठाऊक होते. तिला थांबवायचे तर असा साक्षीदार हवा, जो आमच्या बाजूने चुकूनही खोटे बोलणार नाही. आणि तसा माणूस पनवेलमध्ये एकच होता.

मी बाळारामच्या दारात जाऊन उभा राहिलो. दावा लावल्यापासून त्या उंबऱ्यावर पाऊल टाकले नव्हते.

"अगो बय! नाझरसायेब दारान?" सुंदराबाई म्हणाली. "समन्स आनलाव का?"

"विहिरीत दगड टाकायचा आहे," मी बाळारामला म्हणालो. "तुम्ही ऐकायला या."

"आमी? तुमचे बाजूनं?"

"कोणाच्याच बाजूने नाही. फक्त ऐकायला."

"दगड हे टाकतान नि ऐकाला आमाला बोलावतान," सुंदराबाई पदर खोचत म्हणाली. "तो काय भजन बोलतं काय? चला, बघूया तरी."

माधवी मागच्या पायरीवर बॅग घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही. मी दगड सोडला. वर्तुळे उमटली. सुंदराबाईचे हसू अर्ध्यात थांबले.

बाळाराम काठावर वाकला. "परत टाका."

टाकला.

"परत."

मग त्याने माझ्याच हातातला दगड काढून घेतला आणि स्वतः सोडला. डुबुक! आवाज सगळ्या परसात घुमला. त्याने मला हसायला हवे होते. त्याचा तो हक्क होता. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, जसे आपण एखाद्याच्या उघड्या जखमेकडे पाहणे टाळतो. भर कोर्टात दावा हरलेल्यांना मी पाहिले आहे. त्यांपैकी कोणालाही त्या दुपारी माझ्याइतके उघडे पडल्यासारखे वाटले नसेल.

"पोरी," तो माधवीला म्हणाला, "तुजं कान बरं हाय. माजं पन बरं हाय. कानाचा दोष नाय."

माधवी उठून काठाशी आली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात थोडी धार आली.

"म्हणजे मी टाकलेल्या दगडांचा वेळ बरोबर होता. माझं आधीचं उत्तर बरोबर होतं. हो ना, काका?"

बाळाराम तेथेच उभा होता. होय म्हणणे म्हणजे त्याच्या मोटरने पाणी खाली गेले नाही, हे विरुद्ध पक्षासमोर तोंडाने कबूल करणे. आयुष्यभर मी लोकांना असल्या उत्तरांपासून सावध केले होते.

"बरोबर होतं," मी म्हणालो.

तिने बॅग उचलून आत नेली. संध्याकाळी ओसरीवर ते सोडून दिलेले दुसरे उत्तर घेऊन बसली, त्याला अर्थ नाही हे कशावरून, ते स्वतःपुरते शोधायला. परीक्षेला बसली. पुढे एम.एस्सी. केले, आज शिकवते. मी दावा काढून घेतल्याची पुरशीस, म्हणजे तसे लेखी निवेदन, कोर्टात दिली. कारण विचारले तेव्हा 'आपसात समजूत झाली' असे सांगितले. समजूत कसली, ते मला सांगता आले नसते.

वाटले होते की दावा मिटला म्हणजे हेही मिटेल. मिटले नाही. जाणकारांना मी अनेक पत्रे लिहिली. कोणी उत्तर दिले नाही, कोणी माझ्या वयाची चौकशी केली. माधवी म्हणते, "काका, मला अजून कळलेलं नाही, आणि आता तसं म्हणायची मला भीती वाटत नाही." तिला वाटत नसेल, मला वाटते. निष्कर्ष न लिहिता मी आजवर एकही कागद खाली ठेवलेला नाही, आणि हा ठेवीत आहे.

नगरपालिकेचे पाणी आले नाही की अजूनही मी विहिरीवर जातो. घागर सोडतो, ती भरून वर येते. कप्पी कुरकुरते, घागर पाण्यात बुडाल्याचा आवाज मात्र येत नाही. मग भिंतीपलीकडे सुंदराबाई घरात कोणाला तरी हळूच सांगते, "नाझरसायेब पानी काढतान." आणि मी मान वर न करता दोर ओढीत राहतो.