कोरड्या तळाचा फोटो

तेरेज आंटींच्या विहिरीतले पाणी सकाळी मीटरने तपासले, तेव्हा आकडा आदल्या दिवसापेक्षा वर गेला होता. त्याच्या आधीच्या दिवशीही तो चढलाच होता. हा मीटर पाण्यातले क्षार मोजतो. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर दोन डिझेल पंप बावखल उपसत होते. पंप कंत्राटदाराचे, बावखल गावाचे आणि काम सरकारी. देखरेखीसाठी नेमलेल्या खासगी सल्लागार कंपनीची साइट इंजिनियर मी होते.

बावखल म्हणजे बागायती वाड्यांच्या मधोमध पूर्वी खोदलेले तळे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांत अशी बरीच आहेत. काठ मातीचे, तळ वाळूचा. पावसाचे पाणी त्यात साठते आणि सावकाश जमिनीत मुरते. भोवतालच्या विहिरी त्यावर चालतात. समुद्र जवळ असल्याने जमिनीत खोलवर खारे पाणी आहे. गोडे पाणी हलके, म्हणून ते खाऱ्यावर राहते, दुधावर साय राहते तसे. साय काढत गेले की खालचे वर येते.

हे बावखल गाळाने आणि जलपर्णीने भरले होते. गाळ काढून एका बाजूचा ढासळलेला काठ पुढच्या टप्प्यात बांधायचा, अशी योजना होती. टेंडरचा मसुदा मात्र कामणच्या डोंगराकडच्या एका पाझर तलावाच्या कामावरून उचललेला होता. गावाचे नाव बदलले, क्षेत्रफळ बदलले, कलमे तीच राहिली. त्यातले एक कलम असे: खोदाईच्या आधी आणि नंतर कोरड्या तळाची लेव्हल घ्यावी आणि कोरड्या तळाचा फोटो पोर्टलवर चढवावा. फोटो नसेल तर बिल पुढे सरकत नाही. डोंगराकडचा तलाव मे महिन्यात आपसूक आटतो. बावखल आटत नाही. ते आटवावे लागते.

कंत्राटदार भोईर जूचंद्र गावचे. काम चोख, आवाज मोठा.

"पंप बंद करा," मी सांगितले.

"का?"

"विहिरीत क्षार वाढतायत."

"मॅडम, पानी नाय काढला तर तळ दिसनार कसा? तळ नाय दिसला तर फोटो कसला काढू, माझा?"

मी आंटींकडे गेले. त्यांच्या वाडीत सोनचाफा आणि पानवेल. पहाटे फुले खुडून दादरला जातात, घर त्यावर चालते. चाफ्याला खारे पाणी लागले की आधी पानांच्या कडा करपतात, मग कळ्या गळतात, आणि झाड गेले की नवे फुलावर यायला काही वर्षे जातात. त्यांना माझ्या बाजूला वळवणे सोपे जाईल असे मला वाटले होते. तसे झाले नाही. या कामासाठी सर्वांत जास्त खेटे त्यांनीच घातले होते.

त्या विहिरीचे पाणी ओंजळीत घेऊन प्यायल्या. "बाय, चव तीच आहे."

"जिभेला कळेपर्यंत उशीर होईल, आंटी."

"आणि आता काम थांबलं तर परत सुरू कोण करणार? तू? तू उद्या दुसऱ्या साइटवर. मोठ्या मुश्किलीने मशीन आलंय दारात. तुझ्या त्या पेनासारख्या यंत्रासाठी मी ते परत पाठवू?"

आकडा चढतो आहे एवढे मला दिसत होते. तो पंपामुळेच चढतो, हे सिद्ध झाले नव्हते. मे महिन्यात विहिरींचे पाणी तसेही थोडे जड होते, क्षार वाढतात. भोईरांनीही हाच मुद्दा मांडला आणि तो चुकीचा नव्हता.

मधे रविवार आला. भोईरांना पंप चालू ठेवायचे होते, कारण पावसाळा तोंडावर होता. पण बावखलाच्या पलीकडच्या काठावर चॅपेल आहे. रविवारी मिस्सा असते आणि त्या दिवशी या भागात वाडीतही कुणी खुरपे उचलत नाही. मिस्सेला आलेल्या लोकांनी पंप बंद करायला लावले. भोईर कुरकुरले, "देवाला डिझेलचा वास नाय चालत वाटतं." कुणीतरी म्हणाले, "देवाला चालेल, फादरना नाही." पंप बंद झाले ते सोमवारी सकाळीच सुरू झाले.

सोमवारी पंप सुरू होण्याआधी मी पुन्हा मीटर लावला. आकडा उतरला होता. संध्याकाळी पुन्हा वर. हे दोन्ही आकडे मी आंटींना विहिरीवर उभे करून दाखवले. त्यांनी ते दोनदा पाहिले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिले.

"म्हणजे पाणी काढू नका आणि गाळ काढा," त्या म्हणाल्या. "असं होतं का?"

होते. लांब हाताचा पोकलेन काठावर उभा करून पाण्यातूनच गाळ उचलता येतो. अडचण मोजणीची होती. त्यासाठी कार्यकारी अभियंत्यांची परवानगी लागणार होती. ते साइटवर आले. माणूस सरळ, निवृत्तीला थोडाच काळ उरलेला, ऑडिटला घाबरणारा.

"पाण्याखालचं काम मी मोजू कसं?"

"स्टाफ लावून, सर. तराफ्यावरून. ठरावीक अंतरावर खोली घ्यायची, खोदाईआधी आणि नंतर. पाण्याची पातळी दोन्ही वेळा नोंदवायची." स्टाफ म्हणजे लेव्हल मोजायची उंच पट्टी.

"आणि फोटो?"

"तो मिळणार नाही."

"मग पोर्टल घेणार नाही."

"विहिरी खाऱ्या झाल्या तर तक्रार येईल, सर. ती घ्यावीच लागेल."

ते म्हणाले, "टीप लिहून द्या. कारणांसह. विहिरीचे आकडे जोडा. खोदाईआधीची मोजणी माझ्या समोर."

तराफा गावाने केला, केळीच्या खुंटांचा, बांबू आडवे घालून. इथली मुले अशाच तराफ्यावर पोहायला शिकतात. मी आणि भोईरांचा सुपरवायझर त्यावर बसलो. साहेब काठावर थांबले.

भोईर म्हणाले, "साहेब, बसा ना. बुडलाव तर क्वांटिटीत धरू."

साहेब हसले नाहीत, पण बूट काढून पाण्यात दोन पावले आत आले आणि स्टाफवरचा प्रत्येक आकडा स्वतः मोठ्याने वाचून घेतला.

पंप त्याच दिवशी परत गेले. पोकलेनने काठावरून गाळ काढला. मधल्या भागापर्यंत हात पोहोचला नाही, तिथला गाळ तसाच राहिला. भोईरांना हप्त्याचे बिल मिळाले, कारण साहेबांनी टीप मंजूर केली होती. अंतिम बिल अडकले. पोर्टलवर फोटोची जागा रिकामी ठेवता येत नाही. दुसऱ्याच एखाद्या कोरड्या तळ्याचा फोटो चढवा, असे एका कारकुनाने सुचवले. साहेबांनी नकार दिला, मीही दिला.

त्यामुळे हे काम पोर्टलवर आजही 'अपूर्ण' आहे. नियमाप्रमाणे अपूर्ण कामाला पुढचा टप्पा मिळत नाही. ढासळलेला काठ बांधला गेला नाही. पावसानंतर विहिरीचा आकडा पूर्वीच्या जागी आला आणि चाफा वाचला. काठ मात्र त्या पावसात आणखी खचला आणि त्याबरोबर आंटींच्या पानवेलीची एक ओळ बावखलात गेली. मी भेटायला गेले तेव्हा त्या बांबू ठोकून कड धरत होत्या.

"चाफा राहिला," त्या म्हणाल्या. "काठाचं बघ काही."

मी दोन पत्रे लिहिली. उत्तर एकच आले: आधीचे काम पूर्ण झाल्यावर विचार करता येईल.

आता कोणतेही टेंडर हातात आले की मी कामाचे वर्णन नंतर वाचते. आधी बिल कशावर मिळणार ते कलम काढते. काम कसे होणार, ते तिथे लिहिलेले असते.