हिसकेमास्तरांची मऊ काठी

मासे धरायच्या गळाच्या सामानाचं एक दुकान आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. मालक माझे शेजारी. सगळे त्यांना हिसकेमास्तर म्हणत, कारण येईल त्या गिऱ्हाइकाला ते एकच धडा देत: मासा लागला की मारा हिसका. काठी ताठ हवी, दोरी विणलेली हवी, तसूभरही न ताणली जाणारी. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, मागे बसून रिळांवर दोरी भरत आणि ऐकत.

मग अर्धांगवायूने मास्तरांचा उजवा हात गेला. पुढे काठी धरण्याइतका जोर परत आला, हिसका मारण्याइतका नाही. तळ्यावर जाणं सुटलं, मग दुकान सुटलं, मग बोलणंही. दुकान वहिनी पाहू लागल्या. त्यांनी जन्मात एक मासा धरला नव्हता, पण सुटलेल्या माशांच्या कहाण्या तीस वर्षं ऐकल्या होत्या.

एकदा मला म्हणाल्या, "भावजी, बास माशासाठी गळाला लावायचा तो खोटा मासा असतो ना, त्याच्या पोटाला तीन-तीन काट्यांचे गळ असतात. काटे बारीक. मासा तोंड मारतो नि आपणच अडकतो. ताठ काठीने हिसकलं की ओठ फाटून सुटतो. वाकणारी काठी आणि ताणली जाणारी नायलॉनची दोरी घेतली, तर हिसका हवाच कशाला? यांना जमेल हे."

"मग सांगा की त्यांना."

"मी सांगितलं तर मुळीच यायचे नाहीत. तुम्ही फक्त गाडी काढा. मासा नाही मिळाला तरी चालेल, माणूस घराबाहेर पडू दे."

रविवारी सकाळी मी आग्रह करून दोघांना तळ्यावर नेलं. मास्तरांनी वहिनींनी आणलेली काठी हलवून पाहिली. "शेंडा बघा, नव्या नवरीसारखा मान खाली घालतोय."

"घालू दे," वहिनी म्हणाल्या. "ताठ मानेचं एक माणूस घरात पुरे आहे."

मास्तरांनी डाव्या हाताने गळ फेकला, काठी उजव्यात घेतली आणि डाव्याने रीळ फिरवू लागले. थोड्या वेळाने मासा लागला आणि सवय आडवी आली. अख्खं अंग मागे टाकून त्यांनी खेचलं. दोरी सैल पडली, मासा सुटला. काठी गवतात टाकून ते गाडीकडे निघाले.

वहिनींनी ती उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिली. "नुसतं फिरवत राहा. हात जड आहे ना, जडच राहू दे."

दुसरा मासा लागला तेव्हा मास्तरांचा खांदा उडाला, पण थांबला. मासा दोनदा उसळला, काठी त्याच्या ओढीबरोबर वाकत राहिली, आणि तो काठाला आला. वीतभर असेल.

"काढा आता गळ," वहिनी म्हणाल्या.

"एका हाताने? तूच काढ."

वहिनींनी पक्कड घेतली. आणि थेट माशाला हात घातला.

"आधी हात ओले कर, म्हणजे त्याला इजा नाही व्हायची," मास्तर म्हणाले. " मागचा गळ पहिला. काटा बघ, बोटात घुसेल. हळू. हां, आता सोड पाण्यात."

इतकं सलग बोलताना मी त्यांना वर्षभरात ऐकलं नव्हतं. मासा गेला तिकडे ते थोडा वेळ पाहत राहिले.

"लहानच होता," म्हणाले. "आणि दोरी जाड भरलीस. उद्या दुकानात येऊन बघतो मी."