सुकटीची टकटक

सुनेनं तव्यावर सुकट टाकली, की त्या तडतडीनं माझा हात अजून पोटाकडं जातो.

चोपन्न साली मला पाचवा महिना होता आणि डोहाळे सुकटीचे. अमेरिकेनं समुद्रात अणुबॉम्ब उडवला, जपानात किरणं लागलेले मासे तपासून फेकतायत, असं पेपरात आलं. कॉलेजात फिजिक्स शिकवणारे आमचे हे, किरणं लागली की टकटकणारं मोजायचं यंत्रच घरी घेऊन आले.

"आपली सुकट रत्नागिरीची हाय की," सासूबाई म्हणाल्या.

"समुद्र एकच, आई." ह्यांनी यंत्र सुकटीवर धरलं. टक्, टक्‌टक्.

"टाक त्ये भाईर!" सासूबाई ओरडल्या. त्यांनी सुकट परड्यात पुरली आणि दारं-खिडक्या लावल्या. बंद खोलीत सुकटीचा वास कोंडला, टकटक चालूच. ह्यांनी यंत्र भिंतीवर धरलं, देव्हाऱ्याजवळ धरलं, तरी तेच.

"एवढं सगळीकडंच असतंय. त्यानं काही होत न्हाय," हे हसत म्हणाले.

जायचं तरी कुठं? मी म्हटलं, "मग माझ्या पोटावर धरा."

ह्यांचं हसू गेलं. ती टकटक निरुपद्रवी आहे, हे त्या घरात फक्त ह्यांनाच ठाऊक होतं. तरी ह्यांनी यंत्र बंद केलं.