मिस इंतिसारने देऊन टाकलेला तास

सल्त शहरातल्या मुलींच्या एका शाळेत मिस इंतिसार खेळ शिकवत, पण तौजीहीच्या वर्गाला त्यांनी कधीच खेळवलं नव्हतं. बारावीची ती परीक्षा आली की खेळाचा तास गणिताला द्यायचा, ही रीतच होती. बाई तो आनंदाने देत. गणिताच्या फदवाबाई कपभर चहा आणून देत, की झाला व्यवहार. आठवीच्या पोरींना मात्र झोप, व्यायाम आणि मोबाइलवरून बाई असं फैलावर घेत की पोरी त्यांना पाहून वाट बदलत.

यंदा त्यांची स्वतःची लेक लुजैनच तौजीहीला होती. मग घरातही रीत सुरू झाली. टीव्ही बंद, पाहुणे बंद. सख्खी मावशी मक्लूबे-भाताचं पातेलं दारातच ठेवून परत गेली. एरवी पायऱ्यांच्या वाटेने शाळेत पळणारी पोर आता आईच्या गाडीतून जाऊ लागली. पाय दमले तर अभ्यास कोण करणार? फोन तेवढा बंद करता येईना, कारण नावाजलेल्या शिक्षकांचे धडे फोनवरच होते. एक धडा संपला की दुसरा, मध्येच मैत्रिणींचे निरोप, मग कुणाचा किती अभ्यास झाला याची धास्ती. झोपेचं खोबरं झालं होतं. बाई मात्र शेजारपाजारी मिरवत, "माझी पोर रात्र रात्र जागते हो."

सराव परीक्षेत लुजैनने गणिताचा पेपर कोरा दिला.

"झालं काय तुला?" गाडीत बाईंनी विचारलं.

"आकडे दिसत होते. पुढे काय करायचं तेच सुचेना."

"अभ्यास कमी पडतोय. उद्यापासून आणखी एक शिकवणी लावू."

"आई, मला झोपच लागत नाही. डोळे मिटले तरी डोक्यात धडा चालूच असतो. मला नाही द्यायची परीक्षा."

बाईंनी गाडी कडेला घेतली. "असं बोलू नये, राणी. लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या पोरींना सांगतेस ना, पळा, झोपा म्हणून? मला कधी सांगितलंस? आठवड्यात एकच तास होता तो. मला वाटलं, यंदा मी वर्गात आहे, निदान यंदा तरी आई सोडणार नाही. तूसुद्धा देऊन टाकलास. कपभर चहावर."

बाईंना आधी राग आला. मग लाज वाटली, आणि ती लाज काही केल्या जाईना.

पुढच्या आठवड्यात खेळाच्या तासाला त्या थेट तौजीहीच्या वर्गात शिरल्या. फदवाबाई फळ्यापाशी उभ्या होत्या.

"उठा गं पोरींनो. मैदानात चला."

"मिस इंतिसार, ऐन वेळी हे काय काढलंत?" फदवाबाई म्हणाल्या. "निकाल घसरला तर आया माझ्या दारात येऊन बसतील."

"माझ्या दारात पाठवा त्यांना. त्यातली एक आई मीच आहे."

मैदानात पोरींची दशा बघवत नव्हती. एका फेरीत निम्म्याजणी कमरेवर हात ठेवून धापा टाकत होत्या. दोघी कुरकुरत वर्गात परतल्या, एकीने घरी फोन लावला, आणि तास संपायच्या आत मुख्याध्यापिकांचं बोलावणं आलं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि लेकीकडे पाहत उभ्या राहिल्या. लुजैन हळूहळू का होईना, पळत होती.

परतताना ती गाडीतच झोपली. घर आलं तरी बाईंनी उठवलं नाही. शेजारणीने, उम्म निदालने, काचेवर टकटक केली.

"अगं, तौजीहीची पोर आणि भर दुपारी झोपलीये? उठव तिला, वेळ फुकट चाललाय."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या.

लुजैनच्या मांडीवरचा फोन वाजायला लागला. बाईंनी तो बंद केला. पोर परीक्षा देईल की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कित्येक महिन्यांनी त्या लेकीचा झोपलेला चेहरा बघत होत्या, आणि त्यांना रडू आवरेना.